व्हाइट सॉक्स २०२४ : १६२ पैकी १२१ हार. इतकी वाईट टीम बनते तरी कशी?

दक्षिणवारा | ३० सप्टेंबर २०२४, रात्री ९:१०

काल एकदाचा सीझन संपला. शिकागो व्हाइट सॉक्स : ४१ जिंकल्या, १२१ हरल्या. १९०० नंतरच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका सीझनला इतक्या मॅच कुणीच हरलेलं नव्हतं, आधीचा "मान" १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सकडे होता, १२०. बासष्ट वर्षं टिकलेला रेकॉर्ड आमच्या लोकांनी मोडला आणि तोही डेट्रॉइटला जाऊन, २७ तारखेला. ४-१ हरलो आणि त्याच मॅचवर समोरचे डेट्रॉइट टायगर्स प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) गेले, म्हणजे ते शॅम्पेन उडवतायत आणि आमचे लोक खाली मान घालून बॅगा भरतायत.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडंसं. या खेळात जवळजवळ रोज मॅच असते, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत १६२. ढोबळ हिशोब असा की भारीतली भारी टीमही साठेक हरते आणि भिकारातली भिकार टीमही साठेक जिंकते. एखाद्या दिवशी समोरचा पिचर (बॉल टाकणारा) ढेपाळतो, वारा बाहेरच्या दिशेने सुटलेला असतो, कुणाच्यातरी ग्लोव्हमधून बॉल निसटतो, आणि तुम्ही काही न करता जिंकता. त्यामुळे १२१ हरायला नुसतं वाईट असून भागत नाही.

मग यांनी नेमकं काय केलं? माझं मत स्पष्ट आहे, हा अपघात नाही, वर्षानुवर्षं केलेलं काम आहे आणि ते वरून खाली झिरपलंय. हीच टीम २०२१ ला ९३ जिंकून डिव्हिजन चॅम्पियन (आपल्या गटात पहिली) होती हो! २०२२ ला ८१-८१, २०२३ ला ६१-१०१ आणि आता हे. दोष कुणाचा वाटतो तुम्हाला, मालक, मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच), खेळाडू, की नशीबच फुटकं?

खडूस_कोथरूड | ३० सप्टेंबर २०२४, रात्री ९:४८

१६२ मॅच? या लोकांना नोकऱ्या-बिकऱ्या नाहीत का?

सासवडचं_सीताफळ | ३० सप्टेंबर २०२४, रात्री १०:०५

पुणे वॉरियर्सची आठवण झाली आणि डोळे पाणावले. २०१२, गहुंजेचं नवंकोरं स्टेडियम, उन्हातान्हात एक्स्प्रेसवेला ट्रॅफिकमध्ये अडकून जायचो आणि हरून यायचो. १६ पैकी ४ जिंकलो आणि तळाला. आम्हाला कुणी १६२ खेळू दिल्या असत्या तर हा रेकॉर्ड आज पुण्यात असता.

आकडेमोड | ३० सप्टेंबर २०२४, रात्री १०:४०

@सीताफळ, करून बघितलं. पुणे वॉरियर्स २०१२, १६ पैकी ४ म्हणजे .२५० (२५ टक्के). मेट्स १९६२, १६० निकालांपैकी ४० म्हणजे तेही .२५०. व्हाइट सॉक्स २०२४, १६२ पैकी ४१ म्हणजे .२५३. सबब सॉक्स हे पुणे वॉरियर्सपेक्षा किंचित बरे आहेत.

आता गंभीरपणे. टक्केवारीच बघायची तर १९१६ चे फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स ३६-११७ होते, त्यांच्या खाली आधुनिक काळात कुणी नाही. आणि १९०० च्या आधीचं धरायचं म्हटलं तर १८९९ चे क्लीव्हलंड स्पायडर्स, २०-१३४. त्यांच्या मालकांनी सेंट लुइसची टीम पण घेतलेली आणि चांगले खेळाडू उचलून तिकडे नेले, हल्लीच्या नियमात बसणारच नाही असलं काही. तेव्हा "सगळ्यात वाईट" म्हणण्याआधी थोडं थांबू, "सगळ्यात जास्त पराभव" एवढंच म्हणू.

बाकी सॉक्सची कुंडली : १६२ मॅचमध्ये ५०७ रन काढले, ८१३ दिले. म्हणजे मॅचमागे तीनच्या थोडे वर काढायचे आणि पाच द्यायचे. पहिल्या २५ मॅचनंतर ३-२२. पुढे सलग १४ हरले, मग सलग २१, मग सलग १२. यातली एक मालिका जरी एखाद्या टीमच्या वाट्याला आली तरी वर्ष वाया जातं, यांना तिन्ही एकाच वर्षात.

पस्तिसावी_गल्ली | १ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:२०

मी तिथे शिकलोय, आयआयटीत, म्हणजे पवईची नाही, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (गावाकडे नातेवाईक अजूनही पवईचंच समजतात आणि मीही फार खुलासा करत नाही). कॅम्पस आणि सॉक्सचं मैदान यांच्यामध्ये फक्त हायवे. पस्तिसाव्या गल्लीचा पूल ओलांडला की आलंच. हॉस्टेलच्या खिडकीतून शुक्रवारी मॅचनंतरची आतषबाजी दिसायची, आणि होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर) मारला की स्कोअरबोर्डवरून फटाके उडतात ते वेगळे. आम्हा देशी पोरांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं पण तिकीट स्वस्त, वरच्या मजल्यावर बसायचं, कुणी विचारत नाही किती वेळ बसलात.

खायला तिथलं मक्याचं. एलोते म्हणतात, कणसाचे दाणे कपात, त्यावर लोणी, मेयो, चीज आणि लाल तिखट. शाकाहारी माणसाला त्या मैदानावर जगायला तेवढं पुरे आहे. यंदा म्हणे कॅम्पफायर मिल्कशेक जोरात होता, भाजका मार्शमॅलो वगैरे घातलेला. टीमपेक्षा त्या शेकचीच चर्चा जास्त.

मुद्द्याचं. माझ्या मते दोष एकट्या मालकाचा नाही. २०१७-१८ ला जे रिबिल्ड केलं, म्हणजे जुने देऊन तरुण पोरांची टीम बांधली, ते कागदावर झकास होतं, मोंकाडा, एलॉय हिमेनेझ, लुइस रॉबर्ट, सीस, सगळे तरुण. ते अर्धे जखमी आणि अर्धे फुगा फुटल्यासारखे झाले. याला नशीब म्हणावंच लागेल.

मेट्सग्रस्त | १ ऑक्टोबर २०२४, सकाळी ८:०२

न्यू जर्सीहून नमस्कार. बासष्ट वर्षांनी आमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, सॉक्सवाल्यांचे शतशः आभार, पेढे पाठवतो.

पण एक सांगतो, ६२ चे मेट्स ही नवीन टीम होती. पहिलंच वर्ष. बाकीच्या टीमांनी जे नको होते ते खेळाडू यांना निवडायला दिले, त्यात म्हातारे नाहीतर कच्चे. मॅनेजर केसी स्टेंगल सत्तरीतला आणि एक नंबर विनोदी, पत्रकारांना रोज मसाला. लोकांनी प्रेम केलं त्या टीमवर, आणि सात वर्षांत, १९६९ ला, वर्ल्ड सिरीज (या लीगची फायनल) जिंकली. सॉक्स १९०१ पासून आहेत. देशातल्या तिसऱ्या मोठ्या शहरात आहेत. त्यांना "आम्ही नवीन आहोत" म्हणायची सोय नाही.

निमाकाकू | १ ऑक्टोबर २०२४, दुपारी १२:३०

मी सहा महिन्यांसाठी मुलीकडे नेपरविलला आहे. संध्याकाळी जावई आणि नातू टीव्हीपुढे बसतात म्हणून मीही शेंगा सोलत बसायला लागले आणि आता मला अंपायरपेक्षा जास्त कळतं असं जावई म्हणतात (खवचटपणे म्हणतात की मनापासून ते कळत नाही).

तो मे महिन्यातला बाल्टिमोरबरोबरचा प्रकार कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, आपण ८-६ मागे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आपली माणसं, एकच आउट. म्हणजे आशा होती. बेनिन्टेन्डीने बॉल उंच उडवला, आतल्याआत. अशा वेळी फिल्डरने मुद्दाम कॅच सोडून दोघांना आउट करू नये म्हणून नियम आहे, बॅटर तिथल्या तिथे आउट. तो झाला, ठीक. दुसऱ्या बेसवरचा वॉन परत बेसकडे चालला होता आणि बाल्टिमोरचा हेंडरसन त्याच्या मागून कॅचखाली येत होता. थोडंसं वळसा घालून आला आणि कॅच निवांत घेतला. झालं, सगळे पुढच्या बॅटरची वाट बघतायत आणि अंपायर म्हणतो वॉन मध्ये आला, तोही आउट, मॅच खलास!

नातू रडायला लागला. जावई असे काही बोलले की मुलीने स्वयंपाकघरातून हाक मारली. मी म्हटलं अहो त्या वॉनला मागे डोळे आहेत का? दुसऱ्या दिवशी बातमी आली की लीगनेच क्लबला कळवलं, अंपायरने तसं द्यायलाच हवं होतं असं काही नव्हतं म्हणून. त्याचा काय उपयोग, लोणचं घालायचं?

रिगलीकर | १ ऑक्टोबर २०२४, दुपारी १:१५

काकूंना दंडवत. नातवाला उत्तरेकडे पाठवा, शिकागोच्या दुसऱ्या टीमचा, कब्जचा, टी-शर्ट मी देतो. लहान आहे तोवर बदलता येतं.

निमाकाकू | १ ऑक्टोबर २०२४, दुपारी १:४१

धर्म बदलायला सांगताय का?

पस्तिसावी_गल्ली | १ ऑक्टोबर २०२४, दुपारी १:५०

काकू रॉक्स, रिगलीकर शॉक्स. आणि कब्जवाल्यांनी बोलू नये, चॅम्पियन व्हायला १०८ वर्षं थांबलात तुम्ही. आमचं २००५ लोक विसरतात, प्लेऑफमध्ये ११-१, फायनलला ह्यूस्टनला ४-० धुतलं, १९१७ नंतर पहिल्यांदा. ८८ वर्षांची प्रतीक्षा संपली आणि कुणाला पत्ता नाही, कारण आदल्याच वर्षी बॉस्टनची ८६ वर्षांची संपली होती आणि सगळं कौतुक त्यांनी खाऊन टाकलं.

मांडवीकाठ | १ ऑक्टोबर २०२४, दुपारी ३:३०

गोव्यातून एक भाबडा प्रश्न. इतके हरले तर खाली ढकलत का नाहीत? आमच्या धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकलेली, तरी २०१५ ला आय-लीगमधून खाली गेले. जीव तुटला लोकांचा, पण नियम तो नियम. इथे १२१ हरून पुढच्या मार्चला पुन्हा त्याच रांगेत?

दक्षिणवारा | १ ऑक्टोबर २०२४, सायं ६:१०

@मांडवीकाठ, हो, हीच तर मेख आहे. तीस टीम ठरलेल्या, बंद दुकान. टीव्हीचे पैसे वाटून मिळतात, हरलात म्हणून कुणी बाहेर काढत नाही. उलट हरणाऱ्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षी नवीन पोरं वाटून घेतात त्यात, आधी निवडता येतं. पण त्यातही आमचं नशीब बघा. मुद्दाम हरू नये म्हणून आता पहिल्या नंबरांसाठी लॉटरी असते, आणि मोठ्या शहरातल्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही. गेल्या वेळी मिळाला होता. म्हणजे १२१ हरून पुढच्या ड्राफ्टला आम्ही जास्तीत जास्त दहावे.

खडूस_कोथरूड | १ ऑक्टोबर २०२४, सायं ६:२२

हरण्यातसुद्धा पहिला नंबर कामी आला नाही. खेळ बोअर असेल पण ही टीम आवडायला लागलीय मला.

रिगलीकर | १ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:००

मस्करी बाजूला ठेवून, मालकाबद्दल. जेरी रेन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत, बुल्स ही बास्केटबॉलची टीमही त्यांचीच, म्हणजे जॉर्डनच्या काळातल्या सहा चॅम्पियनशिप त्यांच्या नावावर. म्हणून लोकांनी बरीच वर्षं गप्प बसून घेतलं. पण सॉक्सने आजवर एकाही खेळाडूला दहा कोटी डॉलरचा करार दिलेला नाही. सगळ्यात मोठा बेनिन्टेन्डीचा, पाच वर्षांचे साडेसात कोटी. बाकी लीगमध्ये असं म्हणू शकणारी दुसरी टीम म्हणजे अॅथलेटिक्स, आणि त्यांनी यंदा ओकलंडच सोडलं. कॅन्सस सिटी बघा, शिकागोच्या पासंगाला न पुरणारं शहर, गेल्या वर्षी १०६ हरले, मग बॉबी विटला २८ कोटींच्या वर दिले, दोन बरे पिचर आणले आणि यंदा ८६ जिंकून प्लेऑफमध्ये. सॉक्सचा त्यांच्याविरुद्धचा हिशोब १-१२.

आणि हे चालू असताना फेब्रुवारीत साउथ लूपमध्ये नवीन स्टेडियमसाठी सरकारकडे अब्जभर डॉलर मागायला गेले!

पस्तिसावी_गल्ली | १ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:४०

पैसे कमी टाकतात हे मान्य, पण नुसत्या पैशाने होत असतं तर कमी पैशातले टाम्पा बे कधीच प्लेऑफला गेले नसते. माझा राग जास्त त्यांच्या माणसं न बदलण्यावर आहे. २०२१ साठी टोनी ला रुसाला परत आणलं, वय ७६, शेवटचं मॅनेजर म्हणून काम केलं होतं २०११ ला. टीम बांधणाऱ्या केनी विल्यम्स आणि रिक हान यांना काढलं ऑगस्ट २०२३ मध्ये, तेही दहा वर्षं उशिरा, आणि जागी बाहेरचा कुणी न बघता घरातलाच क्रिस गेट्झ. घरातल्याच माणसाला विचारलं घर का गळतंय तर तो काय सांगणार.

सासवडचं_सीताफळ | १ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:०५

मॅनेजरला काढलं म्हणे मध्येच?

आकडेमोड | १ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:३१

पेद्रो ग्रिफोल. ही तर गंमतच आहे. सलग २१ हरले तोवर खुर्ची शाबूत. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ जिंकले, मालिका तुटली, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. ८ ऑगस्टला नारळ. तेव्हा रेकॉर्ड २८-८९. उरलेल्या मॅच ग्रेडी साइझमोरने सांभाळल्या, १३-३२. टक्केवारी काढाल तर साइझमोर थोडे सरस, पण त्यांचीही गाडी फार काही पळाली नाही. म्हणजे मॅनेजर बदलून जे साधायचं असतं ते इथे नव्हतंच.

नशिबाबद्दल विचारलंत म्हणून. काढलेले रन आणि दिलेले रन यावरून किती जिंकायला हव्यात याचा एक जुना फॉर्म्युला आहे. त्याप्रमाणे सॉक्सनी ४५ ते ४८ जिंकायला हव्या होत्या. म्हणजे नशिबाचा वाटा चार ते सात मॅचचा. रेकॉर्ड त्यामुळे झाला हे खरं, पण नशीब साथीला असतं तरी ११५ हरलेच असते.

निमाकाकू | २ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९:१५

शेवटच्या आठवड्यात आम्ही गेलो होतो हो मैदानावर! एंजल्सबरोबर, २४ तारखेला, मंगळवार. आधीच १२० झालेल्या. नातवाच्या शाळेतले कितीतरी आलेले, आणि लोक चक्क रेकॉर्ड बघायला आलेले, म्हणजे हरताना. आठव्या इनिंगपर्यंत ०-२. सगळीकडून "टीम विका" असा घोष. आणि आठव्यात यांनी तीन रन काढले! आता लोकांना कळेना आनंद करायचा की नाही. आमच्या पुढच्या रांगेतला एक माणूस डोक्यावर कागदी पिशवी घालून बसलेला, त्याने पिशवी वर करून बघितलं आणि परत घातली. जिंकलो ३-२. दुसऱ्या दिवशी जादा, दहाव्या इनिंगमध्ये बेनिन्टेन्डीने जिंकून दिली, तिसऱ्या दिवशी ७-० ने. मालिका साफ!

घरच्या लोकांपुढे तरी लाज राखली. शेवटच्या सहापैकी पाच जिंकल्या पोरांनी, हे कुणी लिहीत नाही.

मेट्सग्रस्त | २ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९:४०

काकू, २००३ च्या डेट्रॉइटनेही असंच केलं होतं, शेवटच्या सहापैकी पाच जिंकून ११९ वर थांबले आणि आमचा १२० वाचवला (म्हणजे आमच्याकडेच ठेवला). तुमचे लोक एक आठवडा उशिरा जागे झाले.

बंड्या_१०८ | २ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:००

अवांतर : याच क्लबने १९७९ मध्ये दोन मॅचच्या मध्ये डिस्को गाण्यांच्या तबकड्या मैदानात स्फोट करून उडवल्या होत्या ना? लोक मैदानात घुसले, गवत जळलं आणि दुसरी मॅच न खेळताच हरल्याचं जाहीर झालं. तेही डेट्रॉइटविरुद्धच.

पस्तिसावी_गल्ली | २ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:२५

हो, १२ जुलै. न खेळता हरण्याची परंपरा जुनी आहे आमची.

खडूस_कोथरूड | २ ऑक्टोबर २०२४, दुपारी १२:०५

आणि १९१९ ला पैसे खाऊन हरले होते. तेवढं मलाही माहितीय.

दक्षिणवारा | ११ डिसेंबर २०२४, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. आमचा पिचर क्रोशे गेला. बॉस्टनला. बदल्यात चार पोरं, टील, ब्रॅडन माँटगोमरी, माइड्रॉथ, गोंझालेझ. या टीममध्ये एकच माणूस असा होता की ज्याच्या दिवशी मी टीव्ही लावायचो, १४६ इनिंगमध्ये २०९ जणांना स्ट्राइकआउट (बॉल मारूच न देता आउट) केलं त्याने, आणि तरी त्याचा रेकॉर्ड ६ विजय, १२ पराभव. मार्चमध्ये सीसला सॅन दिएगोला दिला, त्याने २५ जुलैला नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या टीमला पूर्ण मॅचमध्ये एकही हिट नाही. त्या दिवशी आम्ही २१ च्या मालिकेच्या ऐन मध्यात होतो.

आकडेमोड | ११ डिसेंबर २०२४, रात्री ९:१५

पिचर कोपेक विसरलात. जुलैअखेर डॉजर्सना दिला. सॉक्सकडे असताना ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितकं बरं) ४.७४, डॉजर्सकडे १.१३, आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजची अंगठी. हात तोच, खांदा तोच, दोन महिन्यांत काय बदललं असेल?

पण क्रोशेला द्यायला पर्याय नव्हता असं माझं मत. दोन वर्षांत तो तसाही करारातून मोकळा झाला असता आणि तेव्हा काहीच मिळालं नसतं.

दक्षिणवारा | ११ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

पर्याय होता. पैसे देऊन ठेवायचा.

सासवडचं_सीताफळ | ९ मे २०२५, सकाळी ६:५०

अहो सॉक्सवाले, उठा! नवीन पोप शिकागोचे आणि म्हणे व्हाइट सॉक्सचे फॅन! २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचला स्टेडियममध्ये बसलेले व्हिडिओत सापडलेत.

रिगलीकर | ९ मे २०२५, सकाळी ७:३०

आधी बातमी कब्जचे फॅन म्हणून आली होती, अर्धा दिवस आम्ही हवेत होतो. मग त्यांच्या भावाने सांगितलं नाही नाही, सॉक्स.

निमाकाकू | ९ मे २०२५, सकाळी ८:१०

मी पुण्यात परत आलेय पण नातवाने पहाटे फोन करून सांगितलं. म्हणाला, आज्जी आता देव पण आपल्याकडे. मी म्हटलं देवाला पिचिंग येतं का बघ.

आकडेमोड | २९ सप्टेंबर २०२५, रात्री १०:००

२०२५ संपला म्हणून हिशोब पूर्ण करतो. व्हाइट सॉक्स ६०-१०२. म्हणजे १९ मॅचची सुधारणा, नवीन मॅनेजर विल व्हेनेबल, आणि कोलसन माँटगोमरी नावाच्या पोराने जुलैत येऊन २१ होमरन मारले. क्रोशे बॉस्टनला १८-५, २५५ स्ट्राइकआउट. त्यावर आता काय बोलायचं.

खरी मजा कोलोराडो रॉकीजची. वर्षभर सगळे म्हणत होते हे सॉक्सचा रेकॉर्ड मोडणार. ४३-११९ वर थांबले. पण त्यांचा रनांचा फरक बघा, उणे ४२४! आधुनिक काळातला सगळ्यात वाईट. सॉक्सचा २०२४ चा उणे ३०६ होता. म्हणजे रॉकीज मॅचमागे जास्त मार खात होते तरी दोन मॅच जास्त जिंकले. ते २०-२१ रन देऊन एकच मॅच हरायचे, सॉक्स एका रनाने हरायचे, आणि दोन्ही पराभव वहीत सारखेच लिहितात.

दक्षिणवारा | २९ सप्टेंबर २०२५, रात्री १०:५०

म्हणजे नशिबाचा वाटा होताच असं म्हणायचंय ना तुम्हाला. १२१ व्या मॅचपुरतं मान्य. पण गेल्या वर्षीचा मूळ प्रश्न तसाच आहे आणि मला त्याचं उत्तर मिलवॉकीत मिळालं.

आपला वॉन, काकूंनी ज्याच्यासाठी शेंगा खाली ठेवल्या होत्या तो. यंदा सॉक्सकडे .१८९ ने (हजारात १८९ हिट) बॅटिंग करत होता, म्हणून त्याला खालच्या टीमला पाठवलं आणि जूनमध्ये मिलवॉकीला देऊन टाकलं, कुणी हळहळलंही नाही. जुलैत मिलवॉकीच्या ब्रूअर्सनी त्याला वर आणला, पहिल्याच वेळी बॅटिंगला आला आणि तीन रनांचा होमरन. पुढे तिथे .३०८. ब्रूअर्स ९७ जिंकून अख्ख्या लीगमध्ये पहिले, आणि मिलवॉकी शहर शिकागोच्या एखाद्या कोपऱ्यात मावेल एवढं. त्यांच्याकडेही पैशाचा डोंगर नाही. तेव्हा पस्तिसावी गल्ली म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, नुसता पैसा नाही. पण पोरं फुग्यासारखी फुटली त्याला मी नशीब म्हणणार नाही. २०१९ ला ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर घेतलेला मुलगा इतकी वर्षं तुमच्याकडे असून त्याला बॉल कसा मारायचा हे तुम्ही शिकवू शकत नाही आणि शंभर मैलांवरचे लोक काही आठवड्यांत शिकवतात. कोपेकचं तेच. बघणारा, सांगणारा, व्हिडिओ लावून बसणारा माणूसच नव्हता, किंवा होता तर त्याचं कुणी ऐकत नव्हतं. ते मालकाच्या डोक्यातून येतं, कारण कोचिंगवर आणि विश्लेषणावर खर्च करायचा की नाही हे तोच ठरवतो.

पस्तिसावी_गल्ली | २९ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१०

वॉनचा मुद्दा चोख आहे. पण माणूस जागा बदलली की तात्पुरता खुलतोच, पुढच्या वर्षी बोलू. मोंकाडा आणि एलॉय तर दुसरीकडे जाऊनही फार काही उजळले नाहीत, ते कुठे टाकणार?

आणि सगळं मालकाच्या डोक्यातून येतं म्हणताय तर नवा मालक जूनमध्ये जाहीर झालंच की, जस्टिन इशबिया येणार. फक्त रेन्सडॉर्फ २०२९ ते २०३३ च्या मध्ये केव्हातरी विकू शकतात, आणि नाही विकली तर २०३४ नंतर इशबियांच्या हातात पर्याय. माझा मुलगा तोवर कॉलेजात जाईल.

रिगलीकर | २९ सप्टेंबर २०२५, रात्री ११:२०

टी-शर्टची ऑफर २०३४ पर्यंत खुली आहे.

निमाकाकू | ३० सप्टेंबर २०२५, सकाळी ७:०५

वॉनचं ऐकून फार बरं वाटलं. मुलगा गुणी होता. जावयांना मी तेव्हाच म्हटलं होतं.

मेट्सग्रस्त | ३० सप्टेंबर २०२५, सकाळी ८:३०

सॉक्सचं सोडा, आमचं ऐका. सोतो नावाच्या एका खेळाडूला पंधरा वर्षांचे साडेशहात्तर कोटी डॉलर दिले. जूनच्या मध्याला ४५-२४, सगळ्यांच्या पुढे. शेवट ८३-७९, आणि शेवटच्या दिवशी मायामीकडून ४-० हरून प्लेऑफच्या बाहेर. पैसे देऊनही असं होतं. वेगळा धागा काढू का?

खडूस_कोथरूड | ३० सप्टेंबर २०२५, सकाळी ८:४४

काढा. शीर्षकात आकडा टाका, आकडा असला की मी वाचतो.